दर्गाह कुलीखानाचें दिल्लीवर्णन : काळनिर्णयाचा प्रश्न

१

परगांवच्या पाहुण्यानें राजधानींत काय पाहावें, कोणत्या वारीं कोणत्या स्थानास जावें, बाजारांत काय घ्यावें आणि रात्र कोणाच्या बैठकींत घालवावी, हें सांगणारें जुनें लिखाण आपल्याकडे सहसा कोणी जपून ठेवीत नाहीं. तहनामा, सनद, महजर अगर निवाडपत्र हातीं आलें तर संग्राहक तें रुमालांत बांधून ठेवतो. परंतु खरेदीची याद किंवा जत्रेचें वर्णन निघालें म्हणजे तें ‘किरकोळ’ म्हणून बाजूस पडतें. अशा किरकोळ मानल्या गेलेल्या लिखाणापैकींच एका फारसी पुस्तकाचा विचार येथें करावयाचा आहे. तें पुस्तक म्हणजे नबाब दर्गाह कुलीखान याचें ‘मुरक्का-ए-देहली’ होय.

हें पुस्तक अज्ञात नाहीं. तें प्रथम हैदराबादेस छापलें गेलें. नूरुल हसन अन्सारी यांनीं संपादिलेली आवृत्ति उर्दू भाषांतरासह दिल्ली विद्यापीठाकडून १९८२ मध्यें निघाली. आणि चंदर शेखर व शमा मित्रा चेनॉय यांचें इंग्रजी भाषांतर १९८९ मध्यें प्रसिद्ध झालें. महंमदशहाच्या काळच्या दिल्लीवर लिहिणारा हरएक लेखक यांतील उतारे घेतो. तेव्हां पुस्तकाचा परिचय करून देणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. त्यांतील वर्णन कोणत्या सालचें, हा प्रश्न विचारल्यावांचूनच त्याचा पुरावा म्हणून उपयोग होत आला आहे. त्या उपयोगाची चिकित्सा करणें एवढेंच येथें योजिलें आहे.

२

ग्रंथकार हा आपल्या मुलुखाला परका नव्हे. त्याचा जन्म १७१० मध्यें संगमनेर येथें झाला. घराणें मूळचें इराणी असून शहाजहानच्या अमदानींत हिंदुस्थानांत आलें व पुढें दक्षिणेंत स्थायिक झालें. दर्गाह कुली निजाम-उल्-मुल्क आसफजहा याच्या पदरीं वाढला, त्याच्याबरोबर दिल्लीस गेला, आणि १७४१ मध्यें त्याच्याबरोबरच दक्षिणेंत परतला. पुढें त्यास सालारजंग हा किताब मिळाला. औरंगाबादची सुभेदारीहि त्यानें केली. १७६६ मध्यें तो वारला. म्हणजे दिल्लीचें हें वर्णन दिल्लीकराचें नव्हे. एका दक्षिणी उमेदवाराच्या, तिशीच्या आंतबाहेरच्या पाहुण्याच्या डोळ्यांनीं पाहिलेली ती राजधानी आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवल्यास पुस्तकाची रचना आपोआप उलगडते.

‘मुरक्का’ म्हणजे चित्रांचे किंवा सुलेखनाचे सुटे कागद एकत्र चिकटवून केलेली वही. पुस्तकहि तसेंच आहे. त्यांत राजकारणाची हकीकत नाहीं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चालणारें कथासूत्र नाहीं. प्रथम दर्गे व पवित्र स्थानें, मग उरूस व उत्सव, मग चौक व बाजार, मग साधु-फकीर, कवि, मर्सिया म्हणणारे, गवई, वादक आणि शेवटीं नाचणाऱ्या कलावंतिणी, अशीं एकेका पानाचीं टिपणें आहेत. प्रत्येक टिपण स्वतंत्र आहे व बहुतेकांवर तारीख नाहीं. पुढील सर्व अडचण येथूनच उद्भवते.

३

पहिल्या भागाचें महत्त्व त्यांतील वारांत आहे. गुरुवारीं कदम शरीफ, शनिवारीं हजरत अलींचें कदमगाह म्हणजे शाहे मर्दान, बुधवारीं निजामुद्दीन अवलियांचा दर्गा, रविवारीं नसीरुद्दीन चिराग दिल्ली. याप्रमाणें आठवड्याचे वार स्थानांना वाटून दिलेले आढळतात. शिवाय वर्षाचे ठराविक दिवस निराळे. सफर महिन्याच्या शेवटच्या बुधवारीं निजामुद्दिनास विशेष गर्दी. रबिलावल महिन्यांत कदम शरीफास. चिराग दिल्लीची गोष्ट तर मनन करण्याजोगी आहे. तेथील मोठी गर्दी दिवाळीच्या महिन्यांत होते असें ग्रंथकार लिहितो. लोक पाण्याजवळ तंबू ठोकून राहतात, व्याधि बरी व्हावी म्हणून स्नान करितात, आणि त्यांत हिंदु व मुसलमान दोघेहि असतात. दर्ग्याच्या मेळ्याचा काळ हिंदु सणावरून सांगितलेला आहे, हें कालगणनेच्या अभ्यासकानें नजरेआड करूं नये. तसाच वसंताचा उत्सव. वसंतपंचमी हा तिथीचा सण. परंतु त्यांत कव्वाल व गवई पाळीपाळीनें एकेका दर्ग्यास फुलें व अत्तर घेऊन जातात आणि उत्सवाच्या अखेरच्या दिवसांत बादशहा व अमीर यांच्याकडेहि गाणें होतें.

एवढ्यावरून हें पुस्तक पाहुण्याची दिनचर्या ठरविण्याच्या कामीं पडेल असें बनलें आहे, हें उघड होतें. कोणत्या वारीं कोठें जावें हें त्यांत आहे. तेथें पोंचावयास किती कोस पडतात, वाहनास काय पडतें, हें मात्र नाहीं. कारण लेखक मोठ्या अमिराच्या परिवारांतला. त्यास वाहनाची व दामाची विवंचना नव्हती. चौक, दर्गा आणि वसंताची मिरवणूक हीं सर्वांस खुलीं होतीं. गायनाच्या बैठका ओळखीवांचून उघडत नसत. दोन्ही ठिकाणें एकाच सुरांत वर्णिलीं आहेत म्हणून दोन्ही ठिकाणीं सारखेच लोक जात होते असें समजणें चुकीचें होईल.

४

आतां बाजाराकडे वळूं. दोन चौकांचें वर्णन विशेष आहे. त्यापैकीं सादुल्लाखानाचा चौक किल्ला व जामा मशीद यांच्या मधल्या भागांत होता; शहाजहानचा वजीर सादुल्लाखान याचें नांव त्यास होतें. १८५७ नंतर किल्ल्याभोंवतालची वस्ती पाडून मैदान करण्यांत आलें, त्यांत हा चौक नाहींसा झाला. त्यामुळें आज त्याचा नकाशा मनांत उभा करावयास हें टिपणच मुख्य आधार आहे. लाकडी खुर्च्यांवर बसून महिन्यानुरूप प्रवचन करणारे वाइज, त्यांच्या शेजारीं ज्योतिषी, गोष्टी सांगणारे, गुप्त रोगांवर औषधें विकणारे वैदू, हत्यारें विकणारे, कापडवाले, पशुपक्षी विकणारे, अशी ही गर्दी आहे. ग्रंथकाराची भाषा यमकप्रचुर व अतिशयोक्त आहे. तरी व्यवसायांची ही यादी अलंकाराकरितां बनविलेली दिसत नाहीं. अलंकार विशेषणांत असतो. वस्तूंच्या नांवांत पुरावा असतो. हा भेद सांभाळून वाचल्यास अशा गद्यांतूनहि पुष्कळ हातीं लागतें.

दुसरा चांदणी चौक. हा शहाजहानची कन्या जहांआरा हिनें सतराव्या शतकाच्या मध्यास वसविला. मूळ नांव मधल्या हौदाच्या चौकाचें; पुढें सबंध रस्त्यास तेंच नांव पडलें. रस्त्याच्या मधून कालवा वाहत असे. येथें जवाहीर, अत्तरें, उंची कापड, खंजीर, चिनी भांडीं, कांचेचे हुक्के व पेले यांचीं दुकानें ग्रंथकारानें मोजलीं आहेत; कवि व रसिक जेथें रोज जमतात अशा कॉफीच्या दुकानांचाहि उल्लेख केला आहे. आणि येथेंच ती वारंवार उद्धृत होणारी कथा आहे. एका मृत अमिराच्या मुलास चौकांत फेरफटका करण्याची इच्छा झाली. आईनें प्रथम टाळाटाळ केली. अखेर बापाच्या मिळकतींतून एक लाख रुपये त्याच्या हातीं ठेविले आणि सांगितलें कीं, तेथील अपूर्व वस्तूंस ही रक्कम पुरणार नाहीं, तरी जरुरीपुरतें कांहीं घे.

ही कथा चांदणी चौकाच्या श्रीमंतीचा आंकडा म्हणून पुढें करणें म्हणजे प्रमाणशास्त्र सोडणें होय. ती ग्रंथकारानें ऐकून लिहिली आहे. मुलाचें नांव नाहीं, साल नाहीं, वस्तूंचा भाव नाहीं. बाजाराच्या कीर्तीचा पुरावा म्हणून तिची किंमत मोठी आहे. बाजाराच्या उलाढालीचा पुरावा म्हणून कांहींच नाहीं. ज्या काळीं लोक अशी गोष्ट सांगत होते त्या काळीं बाजार तितकाच भरभराटलेला होता, असेंहि म्हणतां येत नाहीं. कारण कीर्ति वैभवाच्या मागून बराच काळ चालत राहते.

५

गायनाच्या भागाविषयीं थोडक्यांत सांगतों. बीनकार न्यामतखान, म्हणजे ख्यालांच्या बंदिशींतून ‘सदारंग’ म्हणून आपल्या गवयांना परिचित असलेला कलावंत, याच्या घरची दर महिन्याची ठरलेली बैठक. कव्वाल, तंबोरा, सारंगी व ढोलकी वाजविणारे यांचीं नांवें. नूरबाईसारख्या कलावंतिणीचें हत्तीवरून जाणें. हें सर्व संगीताच्या इतिहासकारांनीं पूर्वीच उपयोगांत आणिलें आहे.

परंतु याच भागावरून राजकीय इतिहास लिहिणाऱ्या कित्येकांनीं एक सिद्धांत काढिला आहे. तो असा : महंमदशहाची दिल्ली नाचगाण्यांत बुडाली होती, त्याचें प्रत्यक्ष चित्र या पुस्तकांत दिसतें, म्हणून नादिरशहाची कत्तल हें त्या विलासाचें फळ होय. हा सिद्धांत खरा ठरावयाचा तर पुस्तकांतील चित्र कत्तलीपूर्वीचें असलें पाहिजे. तें तसें आहे काय, हें कोणीतरी तपासावयास हवें होतें. तो तपास येथें करून पाहूं.

निश्चित तारखा अशा. कर्नाळची लढाई २४ फेब्रुवारी १७३९ रोजीं झाली. नादिरशहा ९ जिल्हेज ११५१ म्हणजे २० मार्च १७३९ रोजीं दिल्लींत शिरला. ११ जिल्हेज म्हणजे २२ मार्च रोजीं त्यानें चांदणी चौकाच्या रस्त्यावरील रोशनउद्दौल्याच्या सोनेरी मशिदींत बसून कत्तल करविली. ७ सफर ११५२ म्हणजे १६ मे १७३९ रोजीं तो परत फिरला. तेव्हां हिजरी ११५२ चा मोहरम महिना आरंभापासून अखेरपर्यंत इराणी फौजेच्या ताब्यांतील दिल्लींत गेला, आणि सफरचा पहिला आठवडाहि तसाच गेला.

आतां मुरक्क्यांतील उत्सव या तारखांशीं ताडून पाहावे. मिर्झा बेदिल या कवीचा उरूस सफरच्या आरंभीं होतो. त्या वेळीं शहरांतील कवि त्याच्या कबरीभोंवतीं बसून त्याच्या हस्तलिखित काव्यसंग्रहांतून वाचतात व मग आपापलीं कवनें म्हणतात, असें वर्णन आहे. हा शांत व व्यवस्थित मेळा ११५२ च्या सफरांतील असणें संभवत नाहीं. मोहरमांत मर्सिया म्हणणाऱ्यांचीं टिपणें आहेत. त्यांसहि तोच न्याय लागू. वसंताच्या वर्णनांत बादशहा व अमीर हजर आहेत. परंतु १७३९ च्या वसंतपंचमीस, म्हणजे कर्नाळच्या लढाईपूर्वीं कांहीं दिवस, बादशहा व निजाम हे दोघेहि फौजेसह दिल्लीबाहेर होते. म्हणून १७३९ चा वसंत वगळावा लागतो.

राहिलीं इतर सालें. ग्रंथकार दिल्लीस केव्हां पोंचला याविषयीं एकमत नाहीं. कोणी १७३७ म्हणतात, कोणी १७३८ चा उन्हाळा. १७३७ धरिलें तरी निजाम त्याच वर्षीं माळव्यांत उतरला, भोपाळास बाजीरावाच्या वेढ्यांत सांपडला, आणि जानेवारी १७३८ मध्यें तह करून मोकळा झाला. तेव्हां त्याच्या परिवारांतील माणसानें १७३८ चा वसंत दिल्लींत पाहिला असेल असें वाटत नाहीं. ११५१ चा मोहरम २१ एप्रिल १७३८ च्या सुमारास लागतो. तो त्यानें पाहिला असेल अगर नसेल. याच्या उलट ११५३ चा मोहरम (मार्च-एप्रिल १७४०) व ११५४ चा मोहरम (मार्च-एप्रिल १७४१), त्यांच्या पाठोपाठचे सफर, तसेच १७४० व १७४१ चे वसंत, हे सर्व तो दिल्लींत असतांना आले. सारांश, स्वतः पाहून लिहिलें असें मानावयाचें तर मोहरम, बेदिलाचा उरूस व वसंत हीं तीनहि टिपणें कत्तलीनंतरचीं असण्याचा संभव अधिक आहे.

यावर एक आक्षेप निघूं शकेल. ‘दरवर्षीं असें होतें’ एवढेंच ग्रंथकार सांगतो, अमुक सालीं पाहिलें असें सांगत नाहीं. कदाचित् ऐकीव रूढीच त्यानें टिपली असेल. आक्षेप रास्त आहे. परंतु तो मान्य केल्यास विलासाचा सिद्धांत अधिकच दुबळा होतो. कारण मग पुस्तक कोणत्याच एका सालचें चित्र राहत नाहीं. नादिरशहाच्या स्वारीचे उल्लेख पुस्तकांत ओझरते आहेत, त्यावरून ग्रंथकार निष्ठुर होता असेंहि कोणी म्हटलें आहे. जो लेखक एकेका कलावंताचें पान लिहावयास बसला, त्यानें लढाईची बखर लिहिली नाहीं म्हणून त्यास दोष देणें योग्य नव्हे.

उलट दिशेनेंहि घाई करूं नये. उरूस पुन्हां भरूं लागले म्हणून दिल्ली दोन वर्षांत सांवरली, असा निष्कर्ष निघत नाहीं. कत्तल झाली ती चांदणी चौक, दरीबा, जामा मशिदीचा परिसर या वस्त्यांत. निजामुद्दीन व चिराग दिल्ली हीं स्थानें तटाबाहेर कांहीं कोसांवर आहेत. तेथल्या गर्दीवरून चौकांतल्या दुकानांची साक्ष काढतां येणार नाहीं. आणि नेमकें चांदणी चौकाच्या टिपणांतच सण, तिथि अगर उरूस यांपैकीं कांहीं नाहीं, कीं ज्यावरून काळ ठरवावा. तें कत्तलीपूर्वीचें असेल तर जें लुटलें गेलें त्याची ती याद आहे. नंतरचें असेल तर व्यापारी किती लौकर परतले याचें तें प्रमाण आहे. दोन्ही अर्थ एकमेकांच्या उलट आहेत, आणि दोन्हींपैकीं कोणता खरा हें छापील संहितेवरून ठरत नाहीं. पुस्तकांतील सर्वांत अधिक उद्धृत होणारें पानच सर्वांत कमी दिनांकित आहे, हा या चिकित्सेचा मुख्य निष्कर्ष होय.

६

या प्रश्नाला मराठी कागदांचीहि एक बाजू आहे. मुरक्क्यांतील दिल्लीकर वारावारीं तटाबाहेरच्या स्थानांस जातात. तसेच ते १७३७ च्या चैत्रांत काळकाभवानीच्या जत्रेस गेले होते. बाजीराव पेशवे अचानक दिल्लीवर उतरले तो हाच समय. चिमाजीआप्पांस लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रांत या चालीची हकीकत आहे. बारापुला व काळकेचें देऊळ मागें टाकून फौज पुढें आली, वाटेंत दिल्लीकडून येणारे हत्ती व उंट सांपडले, आणि जत्रेस आलेल्या लोकांची लूट झाली. शहर जाळण्याचा बेत बाजीरावांनीं मुत्सद्दीपणानें सोडून दिला, त्याचीं कारणेंहि त्या पत्रांत आहेत. आपण हें पत्र राजकारणाकरितां वाचतों. परंतु सणाच्या दिवशीं दिल्लीचे लोक किती निर्धास्तपणें तटाबाहेर जात, याचाहि तो समकालीन व दिनांकित पुरावा आहे. एकाच शहराची मौज दर्गाह कुलीखानानें बैठकींतून पाहिली, आपल्या स्वारांनीं घोड्यावरून पाहिली. दोन्ही साक्षी एकत्र ठेविल्या तरच चित्र पुरें होईल. आणि त्यांपैकीं तारीख आहे ती मराठी साक्षीला.

दिल्लींतील मराठ्यांचे वकील केवळ राजकारण लिहीत नसत. हिंगणे दप्तराचे खंड छापले गेले आहेत; दिल्लीहून आलेल्या अशा पत्रव्यवहारांत हुंडीचा, वस्तूंच्या मागणीचा, पोंचलेल्या अगर न पोंचलेल्या जिनसांचा मजकूर कोठें आहे तें या दृष्टीनें पुन्हां पाहिलें पाहिजे. कत्तलीनंतरच्या एक-दोन वर्षांतील एखादी दिनांकित खरेदीची याद हातीं आली, तर चांदणी चौकाच्या टिपणाचा जो निर्णय फारसी संहितेवरून होत नाहीं, तो कदाचित् एका मोडी चिटोऱ्यावरून होईल.

शेवटीं संग्राहकांस दोन शब्द. एका जुन्या घरीं रुमाल पाहत असतां मालकांनीं सनदा माझ्यापुढें मांडल्या आणि खरेदीच्या यादींचा जुडगा बाजूस सारून म्हटलें, ‘हें कांहीं इतिहासाचें नाहीं.’ त्यावेळीं मींहि फार आग्रह धरिला नाहीं. पुढें दुसऱ्यांदा गेलों तेव्हां तो जुडगा राहिला नव्हता. ही चूक माझीहि आहे, म्हणून लिहितों. दर्गाह कुलीखान संगमनेरास जन्मला व औरंगाबादेस नांदला. त्याच्या पुस्तकाच्या प्रति, निदान सुटीं पानें, मराठवाड्यांतील जुन्या घरांत असणें अशक्य नाहीं. ज्यांच्या संग्रहीं फारसी बाडें आहेत त्यांनीं तीं या दृष्टीनें एकदां चाळावीं. टिपणांचा क्रम छापील प्रतीहून निराळा आहे काय, समासांत एखादी तारीख आहे काय, शेवटीं लेखनकाल दिला आहे काय, एवढें पाहून कळविलें तरी पुरे. तोंपर्यंत या पुस्तकांतील हरएक पान स्वतंत्र साक्षीदार समजावें, आणि ज्या पानास तारीख लावतां येत नाहीं त्यावर दिल्लीच्या पापपुण्याचा निवाडा करूं नये.